वांगं एवढं बदनाम का झालं? नावापासून बीटीपर्यंत आणि बगदादपासून वरोऱ्यापर्यंतची गोष्ट

भरीत म्हटलं की भाकरी शोधणारे आणि वांग्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारे, असे दोन पक्ष बहुतेक मराठी घरांत असतातच. गोष्ट आवडीनिवडीपुरती असती तर ठीक होतं. पण वांग्यावर आरोपांची मोठी यादीच आहे. वांगं वातूळ असतं, वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते, चातुर्मासात ते चालत नाही, त्यात सत्त्व म्हणून काही नसतंच. हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध वैद्यकीय ग्रंथाने तर कुष्ठरोगाचं खापरही वांग्याच्या डोक्यावर फोडलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात हा शेवटचा आरोप जरा वेगळा ऐकू येतो. कारण या गावाजवळ एकेकाळी चांगला भाजीपाला पिकत होता आणि गाव तो विकत घ्यायला तयार नव्हतं. भाजीत काही खोट नव्हती. ती पिकवणाऱ्यांना कुष्ठरोग झालेला होता, एवढंच.

वांगं म्हणजे नेमकं काय, हे नाव आलं कुठून, आरोपांमध्ये तथ्य किती आणि वरोऱ्यात काय घडलं, हे सविस्तर पाहूया.

बटाट्याचं भावंड, धोतऱ्याचं नातलग

वांग्याचं शास्त्रीय नाव सोलॅनम मेलोंजेना. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने ते १७५३ साली दिलं. बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सगळी वांग्याच्याच कुळातली मंडळी. त्यातले बटाटा, टोमॅटो, मिरची आणि तंबाखू हे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आले. वांगं मात्र इथलंच. आज आपण 'आलू-वांगे' असं एका दमात म्हणतो, पण या जोडीतला आलू पाहुणा आहे आणि वांगं घरचं.

घरचं म्हणजे किती जुनं? हरियाणातल्या फरमाणा इथे हडप्पा संस्कृतीची वस्ती सापडली आहे. तिथल्या भांड्यांवर चिकटून राहिलेल्या स्टार्चच्या कणांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१० साली हळद, आलं आणि वांगं यांची नोंद केली. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी या देशात कोणीतरी हळद-आलं घालून वांग्याची भाजी केली असण्याची दाट शक्यता आहे. त्यात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटाही नव्हता.

वांग्याचा रानटी पूर्वज आजही आपल्या आसपास उगवतो. पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला काटेरी झुडूप, जांभळी फुलं आणि गोटीएवढी फळं दिसली तर ती या कुळातलीच समजा. डोरली, रिंगणी ही त्यांची मराठी नावं अनेकांना आजीच्या काढ्यांमुळे माहीत असतील. पूर्वजाचं शास्त्रीय नाव सोलॅनम इन्सॅनम, म्हणजे सरळ भाषेत 'वेडं'. हे नाव कसं पडलं ते पुढे येईलच.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात वांगं हे फळ आहे, आणि त्यातही 'बेरी'. पूर्ण फळ गरयुक्त आणि बिया गरातच विखुरलेल्या, ही बेरीची व्याख्या. स्ट्रॉबेरी या व्याख्येत बसत नाही, वांगं बसतं. ही माहिती कोणत्याही फॅमिली ग्रुपवर वाद लावायला पुरेशी आहे.

फुलाची गोष्ट त्याहून मजेदार आहे. वांग्याच्या जांभळ्या फुलात मधोमध पिवळ्या रंगाचे पुंकेसर असतात. बहुतेक फुलांचे पुंकेसर उकलून पराग बाहेर सांडतात. वांग्याचे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. मिठाची बाटली हलवल्याशिवाय मीठ पडत नाही तसं इथेही. मोठे काळे भुंगे आणि काही रानमाश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात, त्या थरथरीने पराग बाहेर उडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे तंत्र जमत नाही. वाऱ्याने झाड हललं तरी थोडंफार काम होतं, आणि वांग्याचं फूल स्वतःच्या परागावरही फळ धरू शकतं. पण शेताच्या बांधावर भुंगे असले की वांगी जास्त लागतात.

बैंगन, वंकाय, भांटा आणि ओबेर्जीन

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वांग्याच्या नावांच्या तिठ्यावर बसलेले आहेत. मराठीत वांगं किंवा वांगे. दक्षिणेला सिरोंच्याकडे गेलं की तेलुगू सुरू होते आणि वांग्याचं 'वंकाय' होतं. पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेवर तेच 'भांटा' होतं. एका दिवसाच्या एसटी प्रवासात एका भाजीची तीन नावं.

यातलं 'भांटा' संस्कृतमधल्या 'भण्टाकी'शी जुळतं. 'वांगं' येतं 'वातिङ्गण' या शब्दाकडून. मधला त गळाला, शब्द आखडला, हिंदीत बैंगन झाला आणि मराठीत वांगें. गुजरातीतलं 'रींगण' मात्र आपल्या रानातल्या रिंगणीच्या घरातलं आहे. बंगालीत 'बेगुन' म्हणतात आणि त्यावर बंगाली माणसं स्वतःच विनोद करतात: बे-गुण, म्हणजे ज्यात गुण नाही ते.

'वातिङ्गण'मध्ये 'वात' दिसतो म्हणून हा शब्द वाताशी जोडणारी फोड बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. कोणी म्हणतं वात करणारं, कोणी म्हणतं वात घालवणारं. एकाच शब्दातून दोन उलटे अर्थ निघत असतील तर फोड मागाहून जुळवलेली आहे, असा संशय घ्यायला हरकत नाही. हा शब्द मुळात संस्कृत नसावा, द्राविडी किंवा आणखी जुन्या स्थानिक भाषांतून तो संस्कृतने घेतला असावा, असं भाषातज्ज्ञांचं मत आहे. भाजी इथल्या मातीतली, तर तिचं नावही इथल्या सर्वात जुन्या शेतकऱ्यांच्या बोलीतलं असणार, हे पटण्यासारखं आहे.

आता हाच शब्द जगभर फिरून काय झाला ते बघा. इराणमध्ये गेला आणि 'बादिंगान' झाला. अरबांनी तो 'बादिंजान' केला आणि पुढे आपलं 'अल' जोडलं. अरब स्पेनमध्ये गेले तेव्हा वांगंही गेलं. तिथे कॅटलान भाषेत त्याचं 'आल्बेर्जिनिया' झालं आणि फ्रान्समध्ये 'ओबेर्जीन'. पोर्तुगीजांनी 'बेरिंजेला' केलं आणि तेच हा शब्द घेऊन पुन्हा भारताच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातून इंग्रजांनी 'ब्रिंजल' घडवला. म्हणजे सातबाऱ्यावरच्या शेतात जे वांगं आहे आणि बियाण्याच्या पाकिटावर जे ब्रिंजल लिहिलेलं आहे, ते दोन्ही शब्द एकाच घरातले. एक गावातच राहिला आणि दुसरा जग फिरून साहेबी पोशाखात परत आला.

'एगप्लांट' हा शब्द या घराण्यातला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पांढऱ्या, कोंबडीच्या अंड्यासारख्या दिसणाऱ्या वांग्यांची झाडं होती, त्यावरून ते नाव पडलं. झाडाला अंडी लागल्यासारखी दिसत, इतकी साधी गोष्ट.

इटलीत मात्र घोळ झाला. 'बादिंजान' तिथे 'मेलान्झाना' झाला आणि लोकांनी त्याची फोड 'मेला इन्साना' अशी केली. अर्थ: वेडं सफरचंद. वांगं खाल्ल्याने वेड लागतं, ही समजूत युरोपात पक्की झाली. धोतऱ्याच्या कुळातली भाजी असल्यामुळे भीतीला थोडा आधारही होता. लिनिअसने रानवांग्याला 'इन्सॅनम' म्हटलं ते याच परंपरेत.

मराठीतही असाच एक गैरसमज होतो. चेहऱ्यावर काळपट डाग येतात त्यांना आपण 'वांग' म्हणतो. वांगं काळं-जांभळं, डागही काळपट, म्हणून काही जण दोन्हींचा संबंध लावतात आणि वांगी खाणं सोडतात. पण डागाचा 'वांग' संस्कृत 'व्यंग'वरून आलेला आहे. भाजीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

कुष्ठरोगाचा आरोप

वांगं अरब जगात पोहोचलं तेव्हा तिथल्या वैद्यांना ते अजिबात रुचलं नाही. रंग काळा, चव कडवट, भाजी परदेशी. इब्न सिना हा अकराव्या शतकातला सर्वात मोठा वैद्य. त्याचा ग्रंथ पुढे काही शतकं युरोपातल्या विद्यापीठांत शिकवला जात होता. त्याने वांग्यामुळे होणाऱ्या त्रासांची जी यादी दिली त्यात उदासी, डोकेदुखी, काळवंडलेली त्वचा आणि कुष्ठरोग होता. शरीरात 'काळं पित्त' वाढलं की हे सगळे रोग होतात, असं तेव्हाचं शास्त्र होतं आणि वांगं काळं असल्याने संशयित म्हणून आयतंच सापडलं.

गंमत म्हणजे त्याच बगदादच्या आसपास स्वयंपाकघरांनी वैद्यांचं काही ऐकलं नाही. खलिफा अल-मामूनची राणी बुरान हिच्या नावाने तळलेल्या वांग्याचा पदार्थ ओळखला जाऊ लागला आणि 'बुरानी' हे नाव पुढे दूरदूरच्या स्वयंपाकघरांत पोहोचलं. आपल्याकडच्या बिर्याणीसोबत येणारी बुरानी रायताही नावाने त्याच घराण्यातली.

कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो हे नॉर्वेच्या गेऱ्हार्ड हॅन्सनने १८७३ साली दाखवून दिलं. वांगं त्या दिवशी कागदोपत्री निर्दोष सुटलं. माणसं सुटली नाहीत.

वरोऱ्यात वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे या गावाच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. कुष्ठरोगाने मरणासन्न झालेला तुळशीराम त्यांना एका पावसाळी रात्री दिसला, ते आधी घाबरून दूर पळाले आणि मग परत फिरले, ही घटना त्यांनीच अनेकदा सांगितली होती. पुढे ते कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचं शिक्षण घेऊन आले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन सुरू झालं. सुरुवातीचं भांडवल म्हणून जे सांगितलं जातं ते असं: सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. सोबत पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुलं.

पहिलं काम विहीर खोदणं होतं. पाणी लागलं, मग शेती आणि भाजीपाला. हाताची बोटं झडलेल्या माणसांनी ही जमीन लागवडीखाली आणली. स्वतःला पुरून उरेल इतकं पिकू लागलं तेव्हा ते विकायचं ठरलं, आणि वरोऱ्याने पाठ फिरवली. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घरात आणायची कशी?

इथे थोडं थांबून वैद्यकीय बाजू समजून घेऊ. कुष्ठरोग अन्नातून, भाजीतून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासात श्वासावाटे तो पसरू शकतो, आणि बहुसंख्य लोकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. औषधं सुरू झाली की रुग्ण फार लवकर संसर्ग पसरवायचा थांबतो. आज वापरली जाणारी बहुविध औषधोपचार पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली. पन्नासच्या दशकात ती नव्हती, पण डॅप्सोन हे औषध होतं आणि भाजीतून रोग होत नाही हेही माहीत होतं. माहिती होती, विश्वास नव्हता.

कोंडी फुटली ती एका अनपेक्षित कारणाने. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आनंदवनात श्रमदानाला आले. त्यांनी रुग्णांबरोबर दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या, तिथेच राहिले आणि तिथल्याच शेतातलं खाल्लं. गोरी माणसं आलीत म्हणून वरोऱ्याचे लोक बघायला गेले. बघायला गेलेल्यांना दिसलं की ही मंडळी रुग्णांसोबत एकत्र राहतात, जेवतात आणि त्यांना काहीही होत नाही. हळूहळू भीती ओसरली आणि आनंदवनाचा माल गावात खपू लागला.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. शेजारच्या माणसाने सांगितलेलं गावाला पटलं नाही, सातासमुद्रापलीकडच्या पाहुण्यांनी खाऊन दाखवलं तेव्हा पटलं. पण पुढचा भागही सांगायला हवा. साठच्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय सुरू केलं आणि ज्या गावाने भाजी नाकारली त्याच गावातली मुलं आनंदवनाच्या आवारात शिकायला जाऊ लागली. पुढे तिथे कृषी महाविद्यालयही झालं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या आनंद निकेतन कृषी महाविद्यालयात आज विदर्भातली मुलं शेतीचं शिक्षण घेतात.

मग वात, खाज आणि लोह यांचं काय?

वांगं वातूळ असतं, असं सांगणारे बहुतेक लोक आयुर्वेदाचा हवाला देतात. पण सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात वांग्याचं वर्णन उलट आहे. तिथे ते पचायला हलकं, भूक वाढवणारं आणि वात-कफ कमी करणारं सांगितलंय. कोवळ्या आणि जून वांग्यात मात्र ग्रंथ फरक करतो. जून वांगं पित्त वाढवतं असं म्हणतो. स्वयंपाकघरातला अनुभवही तोच आहे. बिया भरलेलं जून वांगं कडवट लागतं, कारण या कुळातली कडू रसायनं बियांच्या आसपास साठतात.

खाजेचा आरोप पूर्ण खोटा नाही. वांग्याची ॲलर्जी असणारी माणसं खरोखर असतात. कच्च्या वांग्याचा रस लागून ओठ किंवा हात चुळचुळणं, जिभेला खाज येणं हे काहींना होतं. त्यांनी वांगं टाळावं. पण एका घरात एकाला खाज सुटते म्हणून अख्ख्या घराने वांगं सोडायचं कारण नाही.

कापलेलं वांगं काळं पडतं, म्हणजे त्यात भरपूर लोह आहे, ही समजूत तर शाळेपासून डोक्यात बसलेली असते. प्रत्यक्षात १०० ग्रॅम वांग्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. काळं पडण्याचं कारण क्लोरोजेनिक आम्ल. फोडीतल्या पेशी चिरल्या की या आम्लाची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते. फोडी पाण्यात टाकल्या की हवा लागत नाही, म्हणून रंग टिकतो. आई पाण्यात वांगी चिरायला सांगते त्यामागचं शास्त्र हेच. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि उष्मांक फार कमी. ते तेलकट होतं ते आपल्यामुळे: आतला गर स्पंजसारखा असतो, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, आणि कढईतलं तेल तो बिनतक्रार पिऊन टाकतो.

वांग्यात निकोटिन असतं, हे वाक्यही अधूनमधून व्हायरल होतं. असतं, तंबाखूच्या कुळातलं आहे ते. पण इतकं नगण्य की एका सिगारेटची बरोबरी करायला किलोच्या किलो वांगी एका बैठकीत खावी लागतील.

पुराणातली वांगी

चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसणाबरोबर वांगंही बंद होतं. आषाढी एकादशीच्या आधी येणाऱ्या कांदेनवमीला भजी आणि भरीत यांच्यावर शेवटचा हात मारून घेतला जातो. मग वांगं परत येतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात, भरीत आणि रोडगा होऊन. पावसाळ्यात वांग्यावर कीड जास्त असते म्हणून हा नियम आला असावा, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते शक्य आहे. हिवाळ्यातलं वांगं चवीला सर्वात चांगलं असतं, हे मात्र कोणालाही मान्य होईल.

याच निषेधावरून मराठीतली ती प्रसिद्ध म्हण आली म्हणतात: पुराणातली वांगी पुराणात. पुराणिकबुवांनी देवळात सांगितलं की वांगी खाऊ नयेत. ते ऐकून बायकोने घरातली वांगी टाकून दिली. बुवा घरी आले, ताटात वांगी नाहीत म्हणून चिडले आणि म्हणाले, पुराणातली वांगी पुराणात! लोकांना सांगायचं एक आणि स्वतः करायचं दुसरं, यावर इतकी चपखल म्हण दुसरी नसेल.

काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की मूळ शब्द 'वांगी' नसून 'वानगी' आहे. वानगी म्हणजे नमुना, दाखला. पुराणातले दाखले पुराणातच ठेवावेत, असा त्याचा अर्थ. भाषेच्या दृष्टीने हा मुद्दा वजनदार आहे. पण लोकांना ताटासमोर चिडलेले बुवा जास्त आवडले, त्यामुळे वांगी जिंकली.

गुलाबी अळी आणि नागपूरची सुनावणी

आता जो आरोप येतो तो समजुतीचा नाही, शेतीचा आहे. वांगं हे सर्वात जास्त फवारणी होणाऱ्या भाज्यांपैकी एक आहे. कारण आहे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. या किडीचा पतंग पानांवर अंडी घालतो. अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळं लागली की ती फळात शिरते आणि आत गेल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शेतकरी ती आत शिरायच्या आधी गाठायला बघतो आणि पुन्हा पुन्हा फवारतो.

यावर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घातलं की वांग्याच्या झाडातच या अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. कपाशीत हे तंत्र २००२ पासून होतं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि देशभर वादळ उठलं. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपुरात झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा थेट या लेखाच्या सुरुवातीशी जोडलेला आहे. वांग्याचं मूळ घर भारत. रानवांगी आणि शेकडो गावठी वाणं इथेच आहेत. भुंग्यांमार्फत बीटीचे पराग त्यांच्यात मिसळले तर? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की फवारणीचं विष आज खरोखर पोटात जातंय आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उडतंय, त्याचा हिशेब कोण करणार? बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ च्या सुरुवातीला २० शेतकऱ्यांना रोपं देऊन लागवड सुरू केली. तिथे कीटकनाशकांचा वापर घटल्याचं अभ्यासांतून पुढे आलंय.

वरोरा परिसरात हे दोन्ही मुद्दे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हा कपाशीचा पट्टा आहे. बीटी कपाशीने सुरुवातीला फवारण्या कमी केल्या, हे इथल्या शेतकऱ्यांनी पाहिलं. आणि गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय होऊन २०१७ मध्ये विदर्भातली बोंडं किडली, हेही पाहिलं. त्याच वर्षी वर्धा नदीच्या पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तंत्रज्ञान नको म्हटलं तरी किंमत आहे आणि हवं म्हटलं तरी आहे. ती किंमत शहरात भरीत खाणाऱ्याच्या ताटात दिसत नाही.

मधला रस्ता बऱ्याच जुन्या पद्धतींचा आहे: कामगंध सापळे लावणं, मान टाकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करणं, किडलेली फळं बांधावर न फेकता पुरून टाकणं. कृषी विद्यापीठं हेच सांगतात. मेहनतीचं काम आहे आणि एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या शेतातही ते व्हावं लागतं.

इमोजीचा डाग

वांग्यावरचा सर्वात ताजा आरोप मोबाइलच्या स्क्रीनवर लागला. वांग्याचं इमोजी जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रांतून आलं आणि २०१० मध्ये युनिकोडच्या यादीत गेलं. जपानमध्ये वांगं शुभ मानतात. नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगं दिसणं भाग्याचं, असा तिथला संकेत. 'नासु' या जपानी शब्दाचा उच्चार 'यशस्वी होणं' या अर्थाच्या शब्दासारखा आहे, म्हणून.

अमेरिकेत मात्र या चित्राचा अर्थ पार बदलला. तो इथे सांगायची गरज नाही, इंटरनेटवर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१५ मध्ये इन्स्टाग्रामने या इमोजीच्या हॅशटॅगचा शोधच बंद केला होता. त्यामुळे भरिताच्या फोटोखाली काकूंनी निरागसपणे टाकलेलं वांगं बघून भाचेमंडळी हसतात, यात दोघांचीही चूक नाही.

विदर्भातलं वांगं

बदनामी कितीही झाली तरी विदर्भात मोठं जेवण वांग्याशिवाय होत नाही. लग्न असो, भंडारा असो की भागवत सप्ताहाची समाप्ती, मोठ्या कढईत आलू-वांग्याची रस्सेदार भाजी शिजतेच. स्वस्त, हजार माणसांना पुरणारी आणि पोळीबरोबर, भाताबरोबर, कशाही बरोबर जाणारी. वरून बारीक चिरलेला सांबार. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं ते नव्हे. शेतावरच्या हिवाळी पार्टीत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि झणझणीत वांग्याची भाजी हा बेत ठरलेला असतो.

भरिताचं खरं वांगं कोणतं, यावर खानदेश आणि विदर्भ यांचं एकमत होणं कठीण. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मोठं, फिकट हिरवं, कमी बियांचं वांगं ते. २०१८ च्या डिसेंबरात जळगावातच विष्णू मनोहर यांनी सुमारे अडीच हजार किलो भरीत एकाच कढईत केलं होतं. विष्णू मनोहर नागपूरचे, म्हणजे सामना तसा बरोबरीत सुटला. पश्चिम महाराष्ट्रात मांजरी वांगी आणि कृष्णाकाठची वांगी, गोव्यात आगशीची वांगी, प्रत्येकाचा आपापला अभिमान.

भाजण्याच्या बाबतीत मात्र खानदेश आणि विदर्भ एकाच बाजूला आहेत, कारण दोघांकडेही कापूस आहे. वेचणी संपल्यावर उरलेल्या कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे विदर्भातली पऱ्हाटी, पेटवून तिच्या धगीवर वांगं भाजलं की जो धुराचा वास लागतो तो गॅसवर येत नाही. भाजण्याआधी सुरीने दोन-चार टोचे मारायला विसरू नका, नाहीतर आतल्या वाफेने वांगं फुटतं.

आणि बाजारात निवडताना: भरितासाठी आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं घ्या, त्यात बिया कमी असतात. साल ताणलेली आणि चकचकीत हवी, देठ हिरवा हवा. अळीचं छिद्र फक्त पोटावर शोधू नका. देठाच्या हिरव्या टोपीखाली ती शिरली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. टोपी जरा उचलून बघा. भाजीवाल्या मावशी रागावणार नाहीत, त्या स्वतःही तसंच बघतात.